कोन पाहून वागणारा

दिसायला तो अगदीच बेताचा. धुरकट करड्या प्लॅस्टिकचा पातळ तुकडा. डोळ्यांसमोर धरला तर उजेड निम्म्याने उतरल्यासारखा वाटतो, आणि समोरच्या भिंतीकडे पाहत कितीही गोल फिरवला तरी त्यात फरक पडत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला ध्रुवक म्हणतात. फोटोग्राफर पोलरायझर म्हणतात. चष्म्याच्या दुकानात ‘पोलराइज्ड’ असं विशेषण लावून तो गॉगलची किंमत वाढवतो. कॅल्क्युलेटरमध्ये तो आकड्यांच्या पुढे एक आणि मागे एक असा जोडीने राहतो. म्हणजे तो घरोघरी आहे, फक्त त्याचा स्वभाव कुणाला माहीत नसतो.

स्वभाव कळायचा तर त्याला त्याच्याच भावासमोर उभं करावं लागतं. दोन तुकडे एकमेकांवर ठेवायचे आणि एक हळूहळू फिरवायचा. उजेड आधी फारसा हलत नाही, मग भराभर उतरू लागतो आणि पाव फेरी पुरी होता होता अंधार होतो. आणखी पाव फेरी, की पुन्हा उजेड.

पुणे-सातारा रस्त्यावरच्या दुचाकीवाल्यांना ही भावकी नकळत भेटते. डोळ्यांवर गॉगल, हँडलला मोबाइल. चेलाडीला वेल्ह्याकडे वळायचं की पुढे जाऊन कापूरहोळला भोरकडे, हे बघायला मोबाइल आडवा करावा, तर काही मोबाइलांचा पडदा काळाठिक्कर पडतो. माणूस गाडी बाजूला घेतो, मोबाइल झटकतो, बंद करून चालू करतो. शेवटी वैतागून मान तिरकी करतो आणि नकाशा परत येतो. बिघडलेलं काहीच नसतं. गॉगलमध्ये एक पोलरायझर, मोबाइलच्या पडद्यावर दुसरा, आणि दोघांच्या अक्षांत काटकोन. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी राजगड झालं खरं, पण नकाशा गायब होण्यामागे ते कारण नाही.

अक्ष म्हणजे पोलरायझरच्या अंगात मुरलेली एक दिशा. उजेड पुढे धावत असताना त्याचं विद्युतक्षेत्र वाटेला आडवं थरथरत असतं: कधी उभ्या दिशेने, कधी आडव्या, कधी तिरप्या. सूर्याच्या उजेडात या सगळ्या दिशांची सरमिसळ असते. पोलरायझर येणाऱ्या प्रत्येक फोटॉनला, म्हणजे उजेडाच्या प्रत्येक कणाला, एकच गोष्ट विचारतो: माझ्या अक्षाच्या दिशेने आहेस की त्याला काटकोनात? कुठून आलास, किती लांबून आलास, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. भोरच्या कोर्टात ‘हो की नाही, एवढंच सांगा’ म्हणून साक्षीदाराला दामटणारा वकील असतो, तसा हा. तिरप्या दिशेने आलेल्याची पंचाईत होते, कारण ‘थोडासा’ हे उत्तर इथे चालत नाही.

हा हट्ट कामाचा कसा, ते भाटघरच्या काठावर कळतं. वेळवंडी नदीवरचं हे इंग्रजी अमदानीतलं धरण. त्याला दिलेलं लॉइड साहेबाचं नाव मागे पडलं आणि जलाशयाला येसाजी कंकांचं नाव मिळालं. उन्हं चढली की पाण्यावर आभाळ असं पसरतं की खालचं काही दिसू नये. पण पाण्यावरून उलटून येणाऱ्या उजेडात आडव्या दिशेच्या फोटॉनांचा भरणा असतो, आणि एका ठरावीक कोनात तर निव्वळ आडवेच असतात. हा कोन डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये नियमात बसवला. तो काढायला उपकरण लागत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. डोळे पाण्यापासून जेवढे उंच, त्याच्या १.३३ पट लांबचं पाणी बघायचं. डोळे ५ फुटांवर असतील तर साधारण पावणेसात फुटांवरचं. तिथून उलटून येणाऱ्या आभाळाच्या उजेडात उभ्या दिशेचं कुणी नसतं. गॉगलचा अक्ष उभा असतो. तो आडव्यांना नाही म्हणतो आणि पाण्यावरचं आभाळ पुसलं जातं. खालचे दगड, शेवाळ, बोटभर मासे वर येतात.

तिथे मासे धरत बसलेल्या एका काकांना गॉगल दिला. त्यांनी पाणी पाहिलं, गॉगल कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. ‘‘आरं, आभाळच गेलं की!’’ आणि लगेच कामाचा प्रश्न: ‘‘मग यातनं कांबरेश्वराचं देऊळ दिसंल का?’’ कांबरेश्वराचं दगडी देऊळ वर्षातला बराचसा काळ धरणाच्या पाण्याखाली असतं आणि मे-जूनच्या सुमारास पाणी ओसरलं की उघडं पडतं. ‘‘नाही काका, हा वरची चमक तेवढी काढतो, पाणी नाही काढत.’’ ‘‘मंग उन्हाळ्यापातूर थांबाया लागंल,’’ म्हणत त्यांनी गॉगल परत केला. पोलरायझरची मर्यादा इतक्या थोडक्यात मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

पुस्तकातला हिशेब एतियेन-लुई मालुस या फ्रेंच लष्करी अभियंत्याचा. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत प्लेगमधून वाचून परतलेला माणूस. १८०८ मध्ये पॅरिसच्या घरातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारं मावळतीचं ऊन तो कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तशी एक प्रतिमा मंदावत गेली आणि दुसरी उजळत गेली. त्यावरून त्याने जो नियम बांधला तो आजही शाळा-कॉलेजात घोकला जातो: पार जाणारा उजेड कोनाच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात. दिशा तंतोतंत जुळली तर सगळा पार. ३० अंशांना तीन चतुर्थांश, ४५ ला निम्मा, ६० ला पाव, ९० ला शून्य. गंमत अशी की मालुस प्रकाशाला कण मानणाऱ्यांपैकी होता. पुढच्या काही वर्षांत लाटेची बाजू जिंकली आणि त्याचा नियम लाटवाल्यांनी आपल्या घरात नांदवला. तो १८१२ मध्ये क्षयाने गेला, वय अवघं ३६. कण परत आले ते १९०५ मध्ये, आइनस्टाइनच्या हातून. आणि तेव्हापासून ध्रुवक गूढ झाला.

लाटेला निम्मं करणं सोपं. फोटॉन निम्मा कसा करणार? समजा, ४५ अंशांवर धरलेल्या तुकड्याने प्रत्येक फोटॉनचा अर्धा भाग कापून ठेवला आणि अर्धा पुढे सोडला. फोटॉनची ऊर्जा अर्धी झाली की तरंगलांबी दुप्पट होते. श्रावणात वेल्ह्याच्या भातखाचरांचा हिरवा उजेड साधारण ५३० नॅनोमीटरचा असतो. त्याची दुप्पट १०६० नॅनोमीटर, म्हणजे अवरक्त, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा. तीच गत लाल, पिवळ्या, निळ्या उजेडाची. म्हणजे पोलरायझर फोटॉन कापत असता, तर दोन तुकडे ४५ अंशांवर धरून पाहिल्याबरोबर खाचरं, बांध, मागचा तोरणा, सगळं काळं व्हायला हवं होतं. तसं होत नाही. हिरवं हिरवंच राहतं, फक्त मंद दिसतं.

याचा अर्थ एकच. प्रत्येक फोटॉन पार जातो तो अख्खा, आणि अडतो तोही अख्खा. कोनाचा हिशेब कुणाचा किती भाग जाईल हे सांगत नाही, कुणाचा पार जाण्याचा संभव किती हे सांगतो. ४५ अंशांना प्रत्येकाची शक्यता अर्धी, ६० ला पाव. पॉल डिरॅक यांनी १९३० मध्ये पुंजयामिकीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तेव्हा सुरुवातीच्याच पानांत हे उदाहरण घेतलं. नव्या शास्त्राच्या उंबरठ्यावर अणू किंवा तारे उभे न करता त्यांनी असाच एक ध्रुवक ठेवला, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. एवढ्या कमी सामानात एवढा मोठा पेच दुसरीकडे दाखवता येत नाही.

एकेका फोटॉनशी हा लहरी वागतो. ४५ अंशांवर हा गेला, तो अडला. का, म्हणून विचारायची सोय नाही. पण गर्दीशी त्याचं वागणं काटेकोर. ४५ अंशांवर दहा हजार पाठवा, पलीकडे पाच हजारांच्या आसपास निघतील, शे-पन्नास इकडेतिकडे. अक्षापासून एका अंशाने कोन चुकला तर दहा हजारांतले फक्त तीनेक अडतात. ८९ अंशांना उलट, तीनेकच सुटतात. सुरुवातीला उजेड हलत नाही आणि मधे भराभर उतरतो तो यामुळेच. एकट्याबद्दल काहीच ठामपणे न सांगता समूहाबद्दल इतकं नेमकं बोलणारा हा पहिला नव्हे. विमा कंपन्याही तेच करतात. पण विमा कंपनीला ठाऊक नसलं तरी प्रत्येक माणसाच्या मरणाला काही कारण असतं. फोटॉनकडे तसं कारण असतं का?

नेमका हाच प्रश्न आइनस्टाइन यांना सतावत होता. पोलरायझरपाशी पोचण्याआधीच फोटॉनजवळ उत्तर ठरलेलं असणार, आपल्याला ते वाचता येत नाही इतकंच, असं म्हणायला वाव होता. १९३५ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह पुंजयामिकी अपुरी असल्याचा दावा केला. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी या वादाला तोलता येईल असं रूप दिलं. एकाच वेळी जन्मलेले दोन फोटॉन दोन दिशांना धाडायचे, दोन्हीकडे पोलरायझर ठेवायचे. उत्तरं आधी ठरलेली असतील आणि इथल्या पोलरायझरच्या कोनाची खबर तिथे पोचत नसेल, तर दोन्हीकडच्या उत्तरांचा मेळ एका मर्यादेपलीकडे जाता कामा नये. १९७२ मध्ये बर्कलीत फ्रीडमन आणि क्लॉझर यांनी कॅल्शियमच्या अणूंपासून फोटॉनांच्या जोड्या मिळवून हे करून पाहिलं. त्यांचे पोलरायझर काचांच्या तिरप्या थप्प्यांचे होते. भाटघरचं पाणी ज्या कोनात आडव्यांना उलटवतं, त्याच न्यायाने काचेचा एकेक थर आडव्यांना बाजूला काढतो. मेळ मर्यादेपलीकडे गेला. पुढे १९८२ मध्ये फ्रान्समध्ये आस्पे यांनी फोटॉन वाटेत असतानाच मोजणीची दिशा बदलण्याची व्यवस्था केली. मेळ तेव्हाही हटला नाही. २०२२ चं नोबेल क्लॉझर, आस्पे आणि त्सायलिंगर यांना मिळालं ते या वाटेवरच्या कामाला. तेव्हा फोटॉन घरून पाठ केलेलं उत्तर घेऊन येतो, ही साधी समजूत सोडून द्यावी लागली.

आणि पार झालेल्याचं तो काय करतो, ते तर त्याहून अजब. ३० अंशांनी तिरपा आलेला फोटॉन पलीकडे निघतो तो या तुकड्याच्या अक्षाचा होऊन. आधीच्या तिरपेपणाची खूण उरत नाही. पटत नसेल तर तिसरा तुकडा आणा. पहिला उभा, दुसरा आडवा: पलीकडे अंधार. आता दोघांच्या मधोमध तिसरा ४५ अंशांवर सरकवा. अडवणाऱ्यांत एकाची भर पडली, म्हणजे अंधार गडद व्हावा. उलट उजेड येतो. मूळ उजेडाचा एक अष्टमांश. पहिल्यापाशी निम्मे, मधल्यापाशी त्यांचे निम्मे, शेवटच्यापाशी उरलेल्यांचे निम्मे. तोच तिसरा तुकडा दोघांच्या पुढे किंवा मागे धरला तर काहीच येत नाही.

पाठ्यपुस्तकात गजांच्या फटीतून दोरी हलवून दाखवणारं चित्र असतं. हे चित्र मला कधीच आवडलं नाही. फटींनी अडवलेली दोरी मधे आणखी फटी लावून सुटेल, असं ते पाहून कुणाच्या मनात येईल? हा तुकडा गाळणारा असता तर गाळण्या वाढवून माल वाढला नसता. तो गाळता गाळता वळवतो. पहिल्या उभ्या तुकड्यापुढे दहा-दहा अंशांनी वळत जाणारे नऊ तुकडे लावले, तर शेवटचा पूर्ण आडवा असूनही, कागदावरच्या हिशेबाने, पहिल्यातून सुटलेले १०० पैकी ७६ पलीकडे पोचतात. प्रत्यक्षातले तुकडे स्वतःही थोडा उजेड खातात, त्यामुळे कमी. एकदम काटकोन मागितला तर साफ नकार, थोडं थोडं मागितलं तर बहुतेकांची परवानगी. यावरून कुणाला घरातल्या थोरल्या माणसाची आठवण झाली तर माझा इलाज नाही.

गजांच्या चित्रात आणखी एक खोट आहे, आणि ती या तुकड्याच्या जन्माशी जोडलेली आहे. १८५२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या हेरापाथ या डॉक्टरच्या एका विद्यार्थ्याने क्विनाईन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं. हिवतापावरचं हेच कडूजहर क्विनाईन. भांड्यात बारीक हिरवे स्फटिक जमले. ते जिथे एकमेकांवर आडवेउभे पडले होते तिथे काळं दिसत होतं. पण मोठे स्फटिक काही केल्या बनेनात. मोठा कशाला हवा, असंख्य बारीक स्फटिक एका दिशेला लावून पापुद्र्यात बसवू, ही युक्ती १९२०च्या दशकाअखेरीस सुचली ती हार्वर्ड सोडून आलेल्या एडविन लँड या तरुणाला. १९३८ पर्यंत त्याने स्फटिकही टाकून दिले: पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पापुद्रा तापवून ताणायचा, म्हणजे त्याचे लांबलचक रेणू एका दिशेला लागतात, आणि तो आयोडीनमध्ये बुडवायचा. आजचा करडा तुकडा याच घराण्यातला. आता खोट बघा. रेणूंच्या साखळ्या ज्या दिशेला लागलेल्या, त्या दिशेने थरथरणारा उजेड साखळीतल्या इलेक्ट्रॉनांना धावायला लावतो आणि तिथेच शोषला जातो. सुटतो तो साखळ्यांना काटकोनातला. गजांच्या चित्राच्या बरोबर उलट.

हाच न्याय जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात १८९०च्या दशकात लावला होता, डोळ्यांना न दिसणाऱ्या मिलिमीटर लहरींसाठी. त्यांचा एक पोलरायझर म्हणजे ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक, पानापानांत कथलाचा वर्ख घातलेलं. त्या जाडजूड पुस्तकाचा इतका अचूक उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल.

परत आपल्या मुलखात. कॅमेऱ्याच्या भिंगावर बसणाऱ्या पोलरायझरला बाहेरून फिरणारं कडं असतं. राजगडावर ऑक्टोबरातल्या स्वच्छ पहाटे फोटोग्राफर ते कडं फिरवताना दिसतात, आणि त्यातले निम्मे तोरण्याकडे तोंड करून फिरवत असतात. तिथे फारसं काही होत नाही. हवेच्या रेणूंवरून विखुरलेला निळा उजेड सूर्यापासून काटकोनात सर्वांत जास्त एकदिश, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा, असतो. सूर्याच्या दिशेला आणि त्याच्या अगदी समोर जवळजवळ नसतोच. सूर्य उगवतो पूर्वेला आणि राजगडावरून तोरणा पश्चिमेच्या अंगाला. म्हणून उगवतीला तोंड उत्तरेकडे सिंहगडाच्या बाजूला करावं, नाहीतर दक्षिणेकडे रायरेश्वराकडे. मग कडं फिरवताच आभाळ गडद निळं उतरतं आणि ढगाचा पिंजलेला कापूस उठून दिसतो. मे महिन्यात धुरळा आणि धुक्याने फोटॉन वाटेत अनेकदा आदळतात, दिशा विसकटते, आणि कडं फिरवून हात दुखतो.

हे सगळं फोटोग्राफरच्या आधीपासून जाणणारी मंडळी याच गडाच्या कड्यांना लटकलेली असतात. मधमाश्या आभाळाच्या या नक्षीवरून वाट काढतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. सूर्य डोंगराआड असला तरी निळ्या आभाळाचा एखादा तुकडा त्यांना पुरतो. मधमाशीच्या डोळ्याच्या वरच्या कडेला काही खास पेशी असतात. त्यांतले प्रकाशग्राही रेणू एका दिशेला लागलेले असतात, लँडच्या पापुद्र्यातल्या साखळ्यांसारखेच. फोटॉन त्या दिशेचा असेल तर शोषला जाण्याची शक्यता जास्त, काटकोनातला असेल तर फार कमी. शेजारच्या पेशींची दिशा पहिलीला काटकोनात. दोघींच्या उत्तरांची तुलना झाली की दिशा कळते. कडं फिरवायला नको. पोलरायझर जे अडवतो ते फुकट जातं, माशी मात्र त्या अडवलेल्याचीच मोजदाद करते. चतुरांना हीच नजर कधी महागात पडते: चकचकीत काळ्या गाडीवरून आडवा उजेड उलटतो, त्यांना ते पाणी वाटतं, आणि अंडी टपावर घातली जातात. हंगेरीतल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे.

पावसाळ्यात आभाळ गच्च भरलं की निळ्याचा प्रश्नच मिटतो, म्हणून बरेच जण पोलरायझर कपाटात ठेवून देतात. तसं करू नये. मढे घाटाच्या वाटेवर भिजलेली पानं, कातळ, चिखल, सगळ्यांवर पांढुरकी चमक असते आणि ती बरीचशी एकदिश असते. कडं फिरवलं की चमक जाते आणि पानाचा खरा हिरवा वर येतो. फक्त एक आहे. जुलैतल्या मढे घाटात उजेड आधीच कमी, त्यातला निम्म्याहून जास्त हा स्वतः खातो, त्यामुळे ट्रायपॉड लागतो. तो डोंगरावर वागवायचा कंटाळा असेल तर मग यालाही घरीच ठेवलेलं बरं.